नऊ वर्षांनी परत आलेल्या माणसाचा शर्ट

अठरा वर्षं मी नवे कपडे जुने करण्याचं काम केलं. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, कपडे आपोआप जुने होत नाहीत का? होतात. पण त्याला वेळ लागतो, आणि सिनेमावाल्यांकडे बाकी सगळं असतं, वेळ तेवढा नसतो.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गोपसेठचा शिलाईचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दुकानामागची एक लांबट खोली, अकरा मशिनी, इस्त्रीचं टेबल आणि मागे मोरी. आम्ही जीन्स शिवायचो. जीन्स कोरी असली तरी मांडीवर पांढरट आणि गुडघ्यावर घासलेली दिसावी लागते, तरच पोरं घेतात. ते घासायचं काम माझ्याकडे होतं. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि घरची खोबऱ्याची जुनी किसणी, एवढी माझी हत्यारं.

एक दिवस एक ड्रेसदादा आला. सेटवर नटांच्या कपड्यांचं बघतो त्याला ड्रेसदादा म्हणतात. त्याच्या पिशवीत एकसारखे सहा शर्ट होते.

"ह्यांचं ब्रेकडाउन करून पाहिजे," तो म्हणाला.

मी म्हटलं, "दादा, मशिनी चालू आहेत. ब्रेकडाउन काल होतं."

गोपसेठनी मला बाजूला घेतलं. "अदी," ते म्हणाले. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात, आणि सेठना जास्तीचं काम सांगायचं असलं की कारखान्यातली प्रत्येक बाई अदी व्हायची. "इन लोगों को शर्ट पुराना मंगता है. तू जीन्सला करते ना, तसाच."

गोष्ट अशी होती, की हिरो त्या शर्टात जेलमध्ये जातो आणि चौदा वर्षांनी त्याच शर्टात बाहेर येतो. म्हणून शर्ट चौदा वर्षं जुना पाहिजे. मी विचारलं, "आत तो हाच शर्ट घालतो का?"

"नाही. आत जेलचे कपडे."

"मग हा कुठे असतो?"

"जमा असतो. सुटताना परत देतात."

"घडी करून ठेवलेला शर्ट फाटेल कसा?"

ड्रेसदादाने एक शर्ट काढून उलटसुलट करून बघितला. या गोष्टीचा विचार त्यांच्याकडे कुणी केला नव्हता. मी त्याला सांगितलं, की ठेवणीतला कपडा फाटत नाही, घडीवर पिवळा पडतो. जिच्या आईने लग्नातला शालू ट्रंकेत ठेवलाय त्या प्रत्येकीला हे माहीत असतं. मी सहाही शर्ट घडी करून चहाच्या पाण्यात अर्धे अर्धे बुडवले, उन्हात वाळवले, परत बुडवले. घड्यांच्या रेषा अशा उमटल्या, की गोपसेठ स्वतः ट्रंकेतला वास येतो का ते बघून गेले. सेटवरून निरोप आला: छान झालंय, पण गरिबी दिसत नाही, कोपर फाडा. मी फाडलं. या धंद्यातली ही माझी पहिली हार.

सहा शर्ट का, तर एक भिजतो, एक मारामारीत फाटतो, एक हिरोच्या जागी उडी मारणारा घालतो आणि बाकीचे देवाच्या भरवशावर. सगळे एकसारखे जुने दिसले पाहिजेत. एकदा सहातला एक गोपसेठनी पुढे दुकानात विकून टाकला. गिऱ्हाईकाने हँगरवर बघितला आणि त्याला आवडला. "मी काय करू, त्याला तोच पाहिजे होता," सेठ म्हणाले. मी रडकुंडीला येऊन सातवा केला. पुढे महिनाभर सेठ मला विचारत होते, की असे जुने शर्ट आपण दुकानातच का विकू नयेत.

मग कामं येतच राहिली. आणि बहुतेक सिनेमे एकाच घराण्याचे. कुणी जेलमधून सुटून येतो, कुणी दारू सोडून येतो, कुणी बापाची माफी मागायला गावी येतो. नव्याने सुरुवात करायची, पण आधी मागचं निस्तरायचं. अशा माणसाला सिनेमात तीन गोष्टी ठरलेल्या असतात: दाढी, बॅग आणि जुना शर्ट. दाढी मेकअपवाले लावायचे, बॅग प्रॉपर्टीवाले, म्हणजे सेटवरच्या वस्तू पुरवणारे, द्यायचे आणि शर्ट माझ्याकडे यायचा.

हळूहळू मी प्रश्न विचारायला शिकले. हा माणूस काय काम करतो? डावरा आहे का? तंबाखू खातो का? कारण शर्ट वर्षांनी जुना होत नाही, सवयींनी होतो. कारकुनाची मनगटं आधी जातात, गोणी उचलणाऱ्याचा एक खांदा. खिशात चंची ठेवणाऱ्याचा खिसा लोंबतो. तो लोंबवायला मी ओल्या शर्टाच्या खिशात खडे घालून दोन दिवस टांगून ठेवायची. दाढीची खुंटं कॉलर खातात, म्हणून सुधारलेल्या दारुड्याची कॉलर मी जास्त घासायची. आधी लोक हसायचे. नंतर फोन करून विचारायला लागले.

तरी मला या कामातलं खरं ज्ञान एका म्हातारीने दिलं. बदलापूरकडचे एक जमीनवाले गृहस्थ होते. नाव घेत नाही, निवडणुका येत-जात असतात. पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांनी स्वतःच्या जीवनावर वीस मिनिटांचा सिनेमा काढायला घेतला. गरिबीतले दिवस दाखवायचे होते आणि तरुणपणची भूमिका ते स्वतःच करणार होते. पोट सोडून बाकी सगळी तयारी होती. मी त्यांच्यासाठी एक शर्ट पाठीपासून उसवून, कोपरावर फाडून, मातकट करून नेला. ते शेताच्या बांधावर उभे राहिले आणि कॅमेरा लागला. तेवढ्यात त्यांची आई काठी टेकत आली आणि थेट फ्रेममध्ये घुसली.

"ह्यो शर्ट कोनी फारला?"

मी पुढे झाले. "आजी, गरिबीचा सीन आहे."

"गरिबी व्हती, पन मी व्हती ना घरान," म्हातारी म्हणाली. "माजा पोर फाटक्या कपऱ्यान कवा भायेर नाय गेला. फाटला का त्याच दिसी शिवाची मी. सुई आन."

शूटिंग अर्धा तास थांबलं. म्हातारीने पोराला शर्ट काढायला लावला, बांधावर बसून प्रत्येक फाट्याला ठिगळ लावलं आणि दोरा दाताने तोडला. साहेब बनियनवर उभे. कुणाची हसायची हिंमत नव्हती. त्या दिवशी मला कळलं, की गरिबाचा शर्ट फाटका नसतो, शिवलेला असतो, आणि तो शिवणारं माणूस घरात होतं की नाही हेसुद्धा त्यावर दिसतं. तोपर्यंत मी किती कोपरं विनाकारण फाडली त्याची आजही लाज वाटते.

आता ज्या शर्टासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्याच्याकडे येते.

निखिल नावाचा एक दिग्दर्शक कारखान्यात आला. वय सत्तावीस, पुण्याचा, पायात रबरी चप्पल. सगळे त्याला सर म्हणत आणि तो सगळ्यांना मावशी-काका म्हणे. इस्त्रीच्या टेबलावर बसून त्याने मला गोष्ट सांगितली. एक माणूस बायको-मुलीला सोडून निघून जातो. नऊ वर्षांनी परत येतो. दार वाजवतो. बायको दार उघडते.

"तर मावशी, त्या क्षणी त्याच्या अंगावरचा शर्ट कसा असेल?"

"नवा," मी म्हटलं.

विचार न करताच बोलून गेले. निखिलने वही काढली. "नवा का?"

"परत यायचं तर कोण जुन्या शर्टात येईल? स्टेशनबाहेर दुकानात घेतलेला, तिथेच बदललेला. घड्या तशाच. कॉलरखाली एक टाचणी राहिलेली."

"टाचणी," निखिल लिहीत म्हणाला. "आणि बायको काय म्हणते?"

"म्हणते, टाचणी काढा, टोचतेय."

त्याने लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. पोरगा हुशार होता, पुढे काही विचारलं नाही. मीच सांगितलं. तिथे चूक झाली.

आमचं लग्न झालं तेव्हा हे अंबरनाथला एका केमिकल कंपनीत होते. आम्ही बुवापाड्याला चाळीत राहायचो, अजूनही तिथेच आहे. रूपाली दहा वर्षांची असताना कंपनी बंद पडली. दोन महिने हे घरात भिंतीकडे तोंड करून बसले आणि एक दिवस म्हणाले, "सुरतेला काम आहे म्हणतात. बघून येतो." मी दशम्या बांधून दिल्या. ते गेले ते गेलेच. ना पत्र, ना फोन. पोलिसात नोंद केली, सुरतेच्या एका नातेवाइकाला शोधायला लावलं. त्याने कळवलं, की इथे असा कुणी माणूस आलेला नाही. मी गोपसेठकडे मशिनीवर बसले, मग जीन्सवर, मग शर्टांवर. रूपाली शिकत राहिली.

नऊ वर्षांनी एका दुपारी दार वाजलं. उघडलं तर हे. बारीक झालेले, केस पांढरे आणि अंगावर आकाशी रंगाचा कोरा शर्ट. इतकी वर्षं मी मनात भाषणं पाठ करून ठेवली होती. एक शिव्यांचं होतं, एक रडण्याचं, एक अजिबात न ओळखण्याचं. पण धंद्याची सवय वाईट. माझी नजर कॉलरवर गेली. टाचणी मानेत रुतत होती, लाल वळ उठला होता. तोंडातून तेच वाक्य निघालं.

ते म्हणाले, "कुठे?" आणि चाचपडायला लागले. शेवटी मीच काढून दिली.

मग मी अट घातली. मी काही विचारणार नाही, तुम्ही काही सांगायचं नाही. इथे राहायचंही नाही. ते बदलापूरला बेलवलीत माझ्या नणंदेकडे राहायला लागले, तिथल्याच एका सोसायटीत वॉचमन झाले आणि दर रविवारी दुपारी पाहुण्यासारखे आमच्याकडे जेवायला यायचे. येताना पाव किलो शेव आणायचे. रूपाली त्यांना "जेवलात?" एवढं विचारायची. जेवायला आलेल्या माणसाला हे विचारणं चमत्कारिक होतं, पण तिच्याकडे दुसरा प्रश्न नव्हता. अशी सहा वर्षं गेली. मला वाटायचं, मी विचारलं तर हे परत जातील. खरं तर मला उत्तराचीच जास्त भीती होती. बाई असेल, दुसरा संसार असेल, रूपालीएवढं कुणी पोर असेल. न विचारलेलं बरं.

आणि हे सगळं मी एका चप्पल घातलेल्या पोराला इस्त्रीच्या टेबलावर सांगून बसले.

निखिलला चाळ पाहिजे होती. बुवापाड्याची आमची चाळ त्याला आवडली, आणि सीन आमच्याच दारात करायचं ठरलं. गुरुवार ठरला म्हणून मी हो म्हटलं. गुरुवारी हिरॉइनला ताप आला आणि शूटिंग रविवारवर गेलं. मी सकाळीच नणंदेला फोन केला, यांना आज पाठवू नका. ती म्हणाली, "तो तर मघाशीच निघाला गं. आज म्हणे शेवेबरोबर जिलबी पण घ्यायची आहे."

मी स्वतः हिरोच्या कॉलरखाली टाचणी लावली, मोजून तशीच. हिरो भला माणूस होता, मान वाकडी करून उभा राहिला. चाळीतली सगळी माणसं दारादारांत जमली होती. निखिलने हात जोडून सांगितलं, की कुणीही आवाज करायचा नाही. कॅमेरा सुरू झाला. हिरो आला, दाराशी उभा राहिला, दार वाजवलं. हिरॉइनने दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "टाचणी काढा, टोचतेय."

शेजारच्या दारातून कुसुमवहिनींचा आवाज आला, "असं नव्हतं झालं."

आवाज पकडणाऱ्या मुलाने कानावरचं काढलं. निखिलने कॅमेरा थांबवला.

"शालनने दार लावून घेतलं होतं," कुसुमवहिनी म्हणाल्या. शालन म्हणजे मी, आणि कुसुमवहिनी आमच्या शेजारच्या, बत्तीस वर्षांची भिंत एक. "मी बघितलंय ना. टाचणी काढली, मग धाडकन दार."

"कडी नव्हती लावली," समोरचे काका म्हणाले. "नुसतं लोटलं होतं."

"कडी लावली होती. मला आवाज आला."

"आणि चहा?" एकीने विचारलं. "चहा कधी दिला?"

"चहा मी दिला," कुसुमवहिनी म्हणाल्या. "हिच्याकडे दूध नव्हतं. ते बिचारे माझ्या पायरीवर बसून प्यायले. दोन कप."

मला वाटलं होतं, त्या दुपारी चाळ झोपलेली होती. चाळ कधी झोपत नाही, हे मला तेव्हा कळलं. निखिल मात्र खूश होऊन वही घेऊन या दारातून त्या दारात फिरायला लागला. कडी होती की नव्हती यावर दोन पक्ष पडले. हिरॉइनने मला हळूच विचारलं, "मावशी, हे तुमचं आहे?" मी काही बोलणार, तेवढ्यात माझं लक्ष चाळीच्या टोकाच्या नळाकडे गेलं.

हे तिथे उभे होते. हातात शेवेची आणि जिलबीची पिशवी. किती वेळ उभे होते कोण जाणे. समोर आकाशी शर्टातला हिरो, त्याच्या कॉलरला टाचणी, माझ्या दारात परकी बाई, आणि सगळी चाळ यांच्या आयुष्यातली ती दुपार मोठमोठ्याने सांगतेय. एकेकाचं लक्ष गेलं तसा एकेक गप्प झाला. मला वाटलं, आता हा माणूस वळणार आणि या वेळी कायमचा जाणार. आणि या वेळी दोष माझा.

ते वळले नाहीत. पिशवी कुसुमवहिनींच्या कट्ट्यावर ठेवली आणि निखिलपाशी आले.

"साहेब, एक सांगू का?"

"सांगा ना काका."

"तो माणूस असा सरळ दाराशी येणार नाही. तो पुढे जाईल. नळापर्यंत. मग परत येईल. दार वाजवायला हात उचलणार नाही, म्हणून परत पुढे जाईल."

"किती वेळा?"

"त्या दिवशी तीनदा. त्याच्या आधी चार वेळा आलो होतो, ते वेगळे. तेव्हा नळावरूनच परत गेलो."

"आधी म्हणजे?"

"आधीच्या वर्षांत. एकदा मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा. भिवंडीहून येत होतो."

"कुठून?" मी म्हटलं.

पंधरा वर्षांत मी त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न. माझी अट मीच मोडली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भिवंडीहून. सुरतेला गेलोच नाही. कल्याणच्या स्टँडवर एक ओळखीचा भेटला, तो म्हणाला भिवंडीत यंत्रमागावर काम आहे."

कल्याणहून भिवंडी किती जवळ, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. नऊ वर्षं मी सुरतेच्या दिशेला तोंड करून शिव्या घातल्या होत्या. माणूस पार दुसरीकडे बसला होता.

मी काही बोलायच्या आत हिरो पुढे आला. "काका, कसे चाललात ते दाखवाल?"

आणि यांनी दाखवलं. आमच्या दारावरून खाली बघत नळापर्यंत गेले, नळाची तोटी उगाच घट्ट केली, परत आले, दारासमोर रेंगाळले, पुढे गेले. मागे हिरो तसाच चालत होता. दोन नवरे ओळीने नळापर्यंत जाताहेत आणि परत येताहेत. चाळीतलं कुणी हसलं नाही. समोरचे काका एवढंच म्हणाले, "पाठ जास्त वाकली होती." यांनी पाठ वाकवली. हिरोनेही वाकवली. तिसऱ्या वेळी हे दाराशी थांबले आणि हात वर केला, पण दार वाजवलं नाही. तो हात तसाच राहिला. मग निखिल अगदी हळू म्हणाला, "थँक यू काका."

पुढचा शॉट एका फटक्यात ओके झाला. सिनेमा वर्षभराने मोबाइलवर आला. नळाचं चालणं त्यात आहे. टाचणी आहे, पण तिच्याबद्दलचं वाक्य कापलं, आणि ती इतकी बारीक दिसते की चाळीशिवाय कुणाला कळली नाही. दार लावल्याचं दाखवलेलं नाही, आणि कुसुमवहिनी अजून त्या सिनेमाला खोटा म्हणतात.

सामान आवरून माणसं गेली तशी मी घरात शिरले आणि आतून कडी घातली. बाहेरून कुसुमवहिनींचा आवाज आला, "बघा, हेच सांगत होते मी. कडीच."

हे दारापलीकडे होते. मी आतून म्हटलं, "बसने पाऊण तासाचा रस्ता."

"हो."

"नऊ वर्षं."

"हो."

"का?"

मग ते बोलले. एवढं लांबलचक ते लग्नाच्या आधीही बोलले नव्हते. "पहिला महिना काम नीट नव्हतं म्हणून आलो नाही. वाटलं, रिकाम्या हाताने कसं जायचं. मग काम बरं लागलं, तर इतके दिवस का आला नाहीस म्हणशील, त्याचं उत्तर नव्हतं. रोज ठरवायचो, उत्तर सुचलं की जाईन. पण उत्तर द्यायचे दिवस रोज एकाने वाढायचे."

मला राग आला होता, तसा तो आजही आहे. पण हे बोलणं मला समजलं, हीच पंचाईत झाली. सहा वर्षं मीही प्रश्न रोज एक दिवस पुढे ढकललाच होता.

"पुढच्या रविवारी मला भिवंडी दाखवा," मी म्हटलं.

रूपाली तेव्हा एका दवाखान्यात कामाला लागली होती. तिला सांगितलं, तर म्हणाली, "जा. आणि तिथे कुणी निघालं तर मला फोन कर. मी येते." कुणी म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

रविवारी कल्याणहून बस पकडली. रस्ताभर दोघंही खिडकीबाहेर बघत होतो, खिडकी एकच होती. ते राहायचे ती खोली एका मागाच्या कारखान्यावर होती. खालच्या खडखडाटात माणूस झोपत कसा असेल, असं मला वाटलं. खोलीत आता दुसरी पोरं राहत होती. मी कोपरे बघून घेतले. बाईची खूण कुठे नव्हती. "जेवायला कुठे जायचात?" मी विचारलं. आता एकदा सुरुवात झाली म्हटल्यावर मी सगळंच विचारत होते.

जवळच एक खानावळ होती. पायरीवर एक बाई तांदूळ निवडत बसली होती. पन्नाशीची, ठसठशीत, कपाळाला मोठं कुंकू. यांना बघून ती उठली आणि सूप बाजूला ठेवलं. हीच ती, असं मी मनात ठरवून टाकलं.

"काय हो दत्ताभाऊ," ती म्हणाली, "कुठे होतात इतकी वर्षं? ना निरोप, ना काही. सकाळी जेवून गेलात ते गेलात. आम्ही दवाखाने शोधले."

मी यांच्याकडे वळले. "इथूनही न सांगताच आलात?"

ते चपलेकडे बघत म्हणाले, "हो."

भाऊ म्हणाली, त्याने माझा संशय अर्धा उतरला होता. उरलेला मला हसू येऊन उतरला. इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस मलाच सोडून गेला. त्याला सांगून निघताच येत नव्हतं, मग ते घर असो की खानावळ.

"आणि ह्या कोण?" बाईने विचारलं.

"माझी बायको."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "म्हणजे खरंच आहे?"

मग ती आत तोंड करून ओरडली, "अहो, दत्ताभाऊंची बायको आलीय. खरी." आतून तीन म्हातारे हातची ताटं तशीच ठेवून बाहेर आले आणि मला बघत उभे राहिले. एकाने हात जोडले.

"रागावू नका बाई," ती म्हणाली. "नऊ वर्षं रोज तुमच्या गोष्टी. माझी बायको अशी आहे, तशी आहे, तिच्या हातची आमटी, तिचा हात शिलाईत किती साफ. आम्हाला वाटायचं, एकटा माणूस आहे, मनाने एक बायको केलीय. सणाला आम्ही मुद्दाम विचारायचो, वहिनी काय म्हणतात? हे लगेच सांगायचे."

"काय सांगायचे?" मी विचारलं.

"म्हणायचे, रागावलीय."

"ते खरं होतं," मी म्हटलं.

तिने आम्हाला जेवायला वाढलं. आमटी बरी होती, माझ्यासारखी नव्हती. निघताना ती आतून एक पत्र्याची ट्रंक ओढत घेऊन आली. "ही घेऊन जा. सहा वर्षं माझ्या पिठाच्या डब्यांना अडचण करतेय."

ट्रंकेत विशेष काही नव्हतं. दोन चादरी, एक स्टोव्ह, दाढीचा आरसा आणि दहावीच्या निकालाचं वर्तमानपत्र. कल्याणपर्यंत ती दोघांच्या पायांत होती. स्टँडवर उतरल्यावर ते ती डोक्यावर घेऊन उभे राहिले.

"ताईकडे ठेवायला जागा नाही," ते म्हणाले. "बुवापाड्याला ठेवू का?"

"ठेवा," मी म्हटलं. "जड आहे, सारखी उचलायची नाही. तुम्हीही तिथेच राहा."

त्यांनी डोक्यावरची ट्रंक खाली ठेवली. मग म्हणाले, "ताई वाट बघत असेल जेवायला. तिला फोन करतो."

"करा," मी म्हटलं. "या वेळी सांगून निघा."